पाणी आणि मृगजळ

"कुठं उभा हायस?" कीबोर्डला कुणी हात लावायच्या आधी ताईंचा हा प्रश्न यायचाच. नवा मुलगा बावचळून म्हणायचा, "इथंच की, खुर्चीजवळ." मग आम्ही जुनी मंडळी पोट धरून हसायचो.

ताई म्हणजे क्रांती चौकाजवळच्या आमच्या ऑफिसातल्या सीनियर इंजिनिअर. माहेर पिशोरचं, शेतकऱ्याघरचं. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचो, त्यातच एका बाजूला दोन डेटाबेस उघडे असत. एक सरावाचा, एक खरा. दिसायला अगदी जुळे. सरावाचा समजून खऱ्यातलं काही पुसलं, की संपलं. तुमच्याही ऑफिसात असेल अशी एखादी जागा, जिथं एक बोट चुकलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून ताईंनी सरावाच्या डेटाबेसला नाव दिलं होतं 'मृगजळ' आणि खऱ्याला 'पाणी'. शिवाय 'पाणी'ची चौकट लालभडक रंगवून ठेवलेली.

"मृगजळात काय बी कर," त्या म्हणायच्या. "पाण्यात हात घालायचा तर आधी मला इचार." 'कुठं उभा हायस' म्हणजे पाण्यात की मृगजळात, एवढंच त्यांना विचारायचं असे.

ही नावं नुसती गमतीची नव्हती. वर्षं दुष्काळाची होती. शहर चहूकडे पसरत होतं आणि नव्या सोसायट्यांच्या दारातही टँकर उभे असत. गावोगावच्या टँकरच्या फेऱ्या आमच्या प्रोग्रॅममधून ठरायच्या. ज्या वाडीचं नाव त्यात नाही, तिथं टँकर जायचा नाही.

एका दुपारी साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हुकूम सोडला. यादीत दोनदा आलेली गावांची नावं उडवा, गिऱ्हाईकाला संध्याकाळपर्यंत सगळं साफ हवं. ताईंनी आधी मृगजळात पुसून बघितलं. गेलेल्या नावांत एक डोंगरवाडी होती. त्या थबकल्या आणि त्या बाजूला टँकर चालवणाऱ्या सिल्लोडच्या चाचांना त्यांनी फोन लावला.

"चाचा, डोंगरवाडी एक हाय का दोन?"

"दो हैं मॅडम. एक घाट के इदर, एक उदर. नाम एकीच है."

साहेब भडकले. "अहो, गिऱ्हाईक हातचं जाईल! उडवा आणि मोकळ्या व्हा."

"नाय साहेब. पायजे तर मला काढा. पण पल्याडच्या बायांचं पाणी मी नाय पुसणार."

साहेब पाय आपटत केबिनमध्ये गेले. ताईंनी दोन्ही वाड्यांपुढं त्यांच्या ग्रामपंचायतींची नावं जोडली आणि दोघींना जागेवर ठेवलं. या बाईच्या शेजारच्या खुर्चीत मी बसायचो, याचा मला आजही अभिमान आहे.

पुढं ताई पुण्याच्या मोठ्या कंपनीत गेल्या. मला मात्र त्या दिसतात त्या साहेब भडकले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या. फोन कानाला लावून त्या घाटापल्याडच्या डोंगरवाडीत टँकर घेऊन गेलेल्या चाचांशी बोलायला बघत होत्या आणि पलीकडून नुसता हंड्यांचा खणखणाट येत होता. "माझा नंबर हाय, सरक तिकडं!" कुणी बाई किंचाळत होती. ताईंनी तो फोन तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"ऐका," त्या म्हणाल्या. "भांडणं लागली. पाणी पोचलं."