आत्याचा हॅन

सायमीआत्याचा प्रियकर लढाईत मेला, हे आमच्या घरात अगदी पक्कं होतं. पक्कं कुणी केलं? मीच! तिची चव्वेचाळीस सालची डायरी मला माळ्यावर सापडली होती. नाक खुपसायला आपला पहिला नंबर.

तेव्हा अठरा वर्षांची आत्या गावच्या मनोऱ्यावरून शत्रूच्या विमानांवर नजर ठेवायची. डायरीत मात्र विमानं कमी आणि ‘हॅन’च जास्त. आमच्या फिनिश भाषेत तो म्हणा की ती म्हणा, शब्द एकच, हॅन. ‘हॅनने आपले लोकरी हातमोजे मला दिले.’ ‘आई म्हणते, तू अजून लहान आहेस. मग हॅनने हात धरला की छातीत धडधडतं कशाला?’

सप्टेंबरनंतर पानं कोरी. मी धाय मोकलून रडले. मग सैनिकांच्या थडग्यांमध्ये त्याच मनोऱ्यावर पहारा देणारा एइनो नावाचा एक पोरगा शोधून काढला आणि आत्याला न सांगता सहा नाताळ त्याच्यापुढे मेणबत्ती लावली.

यंदा आत्या आणि तिची मैत्रीण रौहा वृद्धाश्रमात जायला निघाल्या. दोघींचं वय चौऱ्याऐंशी. सहासष्ट वर्षं एका घरात राहून दोघींनी शिवणाचं दुकान चालवलेलं. पण व्यवस्थापक बाई म्हणाल्या, “दोघांची खोली फक्त जोडप्यांना मिळते. एक आजी खाली राहतील, एक वर.”

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. रौहामावशीला जिना चढवत नाही, आणि मावशीने हाक मारल्याशिवाय आत्याला जाग येत नाही. माझं डोकंच फिरलं. मी सामानाच्या पिशवीतली डायरी काढून टेबलावर आपटली.

“वाचा! हिचा माणूस लढाईत गेला. आता मैत्रीणही तोडता?”

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. “कुठला माणूस?”

“अगं, एइनो! तुझा हॅन!”

“एइनो? बगळा उडाला तरी भोंगा वाजवायचा तो? इर्मेली, अक्कल गहाण टाकलीस काय?”

रौहामावशी इतकी हसली की तिने कवळी हाताने धरली. “माझे हातमोजे त्या एइनोच्या नावावर! आणि हिने ते अजून परत दिलेले नाहीत, बरं का.”

मी खुर्चीत बसले. साठ वर्षं दोघी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी थडगी धुंडाळत होते. “मग सप्टेंबरनंतर काहीच का नाही लिहिलंस?”

“लढाई थांबली आणि ही आमच्याकडे भाड्याने राहायला आली,” आत्या म्हणाली. “जे हिला तोंडावर सांगता येतं, ते वहीत कशाला लिहू?”

व्यवस्थापक बाईंनी दोन पानं वाचली, चष्मा पुसला आणि अर्ज पुढे सरकवला. “इथे नातं लिहा.”

आत्याने पेन घेतलं. मैत्रीण लिहिलं तर खोली जाणार आणि जोडीदार लिहायला तिचा हात धजणार नाही, असं मला वाटलं. तिने ठसठशीत अक्षरात एकच शब्द लिहिला: हॅन.

बाईंनी तो वाचला आणि दोन किल्ल्यांतली एक खणात परत ठेवली.

“चल गं,” रौहामावशी आत्याला म्हणाली, “आता तरी हातमोजे दे. एकाच कपाटात राहतील.”