न फाटलेल्या पँटची गोष्ट

दिगंबरकाका साठ्ये गेल्याचं कळवायला मीराचा फोन आला, तेव्हा मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या वाचनालयाबाहेर गाडीत बसलो होतो. मीरा ही काकांची एकुलती एक मुलगी, ह्यूस्टनमध्येच जन्मलेली. “काका, बाबा गेले. सकाळी. इट वॉज क्विक,” एवढं ती सरळ बोलली. मग म्हणाली, “तुम्ही लिहाल ना त्यांच्यावर? अँड प्लीज, ते मूव्हीचं नक्की लिहा. दॅट वॉज हिज थिंग.” मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ज्या गोष्टीवर माझा चौदा वर्षं विश्वास बसला नव्हता, तीच छापायचं मी कबूल केलं होतं.

ती गोष्ट शुगर लँडच्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. काका पाइपलाइन इंजिनिअर. लग्नानंतर अमेरिकेत येण्यापूर्वी काका आणि कुमुदकाकू तीन वर्षं लंडनला होते. त्या काळात तिथे एक विनोदी चित्रपट तयार होत होता, जो आजही सणासुदीला टीव्हीवर लागतो आणि लोक तोंडपाठ संवादांसकट पाहतात. त्याचं नाव मी इथे देत नाही. कारण पुढे येईल. काकांच्या सांगण्यानुसार, सुट्टीच्या दिवशी ते त्या चित्रपटाच्या कपडेपट विभागात पडेल ते काम करत. बटलरच्या कोटाच्या खालच्या घडीत शिशाचे तुकडे शिवलेले होते, म्हणून तो वळला की कोट डौलात फिरायचा. त्याच कोटाची दुसरी प्रत होती, तिची एक बाही चार बोटं लांब. ती घातली की हात गायब व्हायचा. आणि मग ती पँट. मेजवानीच्या प्रसंगात बटलर चमचा उचलायला वाकतो आणि त्याची पँट मागून फाटते, असं ठरलेलं होतं. मागची शिवण नुसत्या धावदोऱ्यावर ठेवायची, टेबलाखाली लपलेल्या माणसाने दोरी ओढायची, की शिवण उसवणार. पण शिवणकाम करणाऱ्याने ती कच्ची शिवण पाहिली आणि कुणाचा तरी आळशीपणा समजून तिच्यावर दुहेरी पक्की टीप मारून टाकली. दोरी ओढली, पँट फाटली नाही, आणि बटलर टेबलक्लॉथ, सूप, मेणबत्त्या यांच्यासकट उताणा पडला. दिग्दर्शकाने तोच शॉट ठेवला. “आणि ती टीप कुणाची?” असं विचारून काका स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होतो. पत्नीच्या नोकरीमुळे इथे आलो, तरी दुसऱ्याचा मजकूर संशयाने वाचायची सवय बरोबर आली. काकांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्याच आठवड्यात मी तो चित्रपट लावून शेवटची नामावली थांबवत थांबवत वाचली. साठ्ये नव्हते. अर्थात हरकाम्याचं नाव कोण देतं? पण चित्रपटाविषयीच्या एका माहितीपानावर लिहिलं होतं, की उताणं पडणं ही नटाची ऐन वेळची कल्पना. पावसाच्या दृश्यात पाण्यात दूध मिसळलं होतं असं काका सांगायचे. तेच मी आणखी दोन-तीन चित्रपटांबद्दल ऐकलं होतं. यातला एकेक मुद्दा फार मोठा नव्हता. मोठा मुद्दा काकांच्या करड्या कोटावर होता. त्या कोटाचं मधलं बटण महिनोन् महिने एका दोऱ्यावर लोंबत असे. एका सहलीत ते तुटलं आणि मी गंमत म्हणून सुई-दोरा पुढे केला, तर काकांना सुईत दोरा ओवता येईना. चार वेळा प्रयत्न केला, बोटाला टोचून घेतलं, आणि “चष्मा घरी राहिला” म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. काकूंनी कोट ओढून घेतला आणि मिनिटभरात बटण लावून दिलं.

काकू फार बोलत नसत. काका रंगात आले, की त्या स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभ्या राहत आणि मध्येच एखादी दुरुस्ती करत. “चार बोटं नाही, तीन.” “कोट काळा नव्हता, गडद निळा. काळा दिसायचा.” काका लगेच म्हणत, “हायकोर्टाचा निकाल आला बघा,” आणि सगळे हसत. मीही हसत असे. इतक्या दुरुस्त्या कानावर पडूनही मला त्यांच्याबद्दल एकच प्रश्न पडला, की नवऱ्याचं खोटं ही बाई इतकं नेटकं का करून देते?

एकदा मात्र मी काकांना विचारलं. जॉर्जियातल्या अल्फारेटाला एका लग्नाला आम्ही दोघं गाडीने निघालो होतो. पल्ला लांबचा होता, आणि बोलून बोलून आमच्याकडचे विषय संपले होते. मी म्हणालो, “काका, त्या पँटचं खरं किती?” काका म्हणाले, “छापणार आहेस का?” मी नाही म्हणालो. “मग ऐकत जा की,” एवढं बोलून त्यांनी पुढच्या एक्झिटला कॉफीसाठी गाडी घ्यायला सांगितली. हा कबुलीजबाब नव्हता आणि नकारही नव्हता. मी तो मनात संशयाच्या बाजूला लावला.

त्यानंतर काही वर्षांनी काकांच्या घरी गणपतीच्या कार्यक्रमात एक चूक झाली. काका आजारातून नुकतेच उठलेले, आवाज उतरलेला. आमचा नागपूरचा मित्र शिरीष मागे लागला, “काका, वो पँटवाली स्टोरी सांगा ना यार, पोरांनी ऐकली नाही.” काकांनी सांगायला घेतली. दिग्दर्शक ‘हू स्टिच्ड धिस?’ म्हणून ओरडला इथपर्यंत आले, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून असं आलं: “मला वाटलं, गेली नोकरी... आणि मी तिथेच खाली बसले.” बसले. बसलो नव्हे. शिरीष म्हणाला, “काका, तुमचं जेंडर चेंज झालं,” आणि हशा पिकला. काकाही हसले, पण त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. चूक सगळ्यांनी ऐकली. माझ्या मते तिचा अर्थ मला एकट्याला कळला. माणूस स्वतःचा अनुभव सांगताना इंग्रजी शब्द चुकवेल, वर्ष चुकवेल. ‘मी’च्या पुढचं क्रियापद चुकवणार नाही. ते वाक्य काकांनी कुणा बाईच्या तोंडून ऐकलेलं होतं, आणि इतक्या वेळा ऐकलेलं होतं की दमलेल्या जिभेवर ते जसंच्या तसं आलं. खोटं पकडल्याचं समाधान मला झालं, हे नोंदवलं पाहिजे. त्या समाधानात मी तिथेच थांबलो.

काका गेल्यावर दुसऱ्या रविवारी मीराने घरी सगळ्यांना बोलावलं. तेरावं वगैरे काही नव्हतं. बाबांना आवडायचा म्हणून तिने तो चित्रपट लावला. मेजवानीचा प्रसंग आला. बटलर वाकला, पडला, सूप उडालं. एरवी या ठिकाणी काकांचा आवाज यायचा. आज दारातून काकू म्हणाल्या, “मला वाटलं, गेली नोकरी. आणि मी तिथेच खाली बसले.” शिरीष डोळे पुसत हसला. “काकांची चूकपण सेम टु सेम केली काकूंनी,” तो म्हणाला. बाकीचेही हसले, एकदोघी रडल्या. काकूंनी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

सगळे गेल्यावर मी भांडी आत नेऊन ठेवायच्या निमित्ताने थांबलो आणि ते वाक्य मुळात कुणाचं, असं विचारलं. काकूंनी लपवलं नाही. लंडनमध्ये त्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होत्या. त्या चित्रपटाचे कपडे तिथे येत. पँटवरची ती पक्की टीप त्यांनीच मारली होती, आणि चित्रीकरणाच्या दिवशी कपडे पोचवायलाही त्यांनाच पाठवलं होतं. सिनेमातल्या पुरुषांच्या पँटी सून शिवते, हे साताऱ्याला सासूबाईंना कळवलेलं नव्हतं. पुढे सासूबाई ह्यूस्टनला राहायला आल्या. एका दुपारी टीव्हीवर तो चित्रपट लागला आणि काकूंच्या तोंडून कोटातल्या शिशाची गोष्ट निघून गेली. हे तुला कसं माहीत, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, मी सांगितलं. मी होतो तिथे.

“पहिल्यांदा माझ्यासाठी सांगितलं,” काकू म्हणाल्या. “नंतर स्वतःसाठी.”

राग येत नव्हता का, असं मी विचारलं. यायचा, म्हणाल्या. सासूबाई गेल्यावर तर जास्तच यायचा. पण तोवर मीरा शाळेत ती गोष्ट सांगत होती, आणि ते सांगायचे इतकं छान, की आपण सांगितली असती तर दोन वाक्यांत संपली असती. मग म्हणाल्या, “गणपतीत ते चुकले, तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. कुणाला कळलं नाही.”

“मला कळलं होतं.”

“मग मला का नाही विचारलंस?”

चौदा वर्षं मी काका खरे की खोटे एवढंच तपासत होतो. गोष्ट खरी असून दुसऱ्याच माणसाची असू शकते, हे क्रियापदाने सांगितल्यावरही मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो नव्हतो.

सवयीने हेही नोंदवतो, की काकूंच्या म्हणण्याला कागदोपत्री पुरावा नाही. त्या कारखान्याचं नाव त्यांना नीट आठवत नाही. तरी दोन अटींवर त्यांनी लिहायला परवानगी दिली. मीराला त्या स्वतः आधी सांगणार. आणि चित्रपटाचं नाव द्यायचं नाही. “लोक शोधत बसतील, आणि ह्यांना लबाड म्हणतील,” त्या म्हणाल्या. “लबाड होते. पण ते घरातलं.” मीराला त्यांनी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “सो ऑल दोज इयर्स, यू वेअर फॅक्ट-चेकिंग युअर ओन स्टोरी?”

गेल्या रविवारी हा मजकूर दाखवायला गेलो. काकूंनी टेबलाशी बसून सगळा वाचला. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर काकांचा करडा कोट तसाच होता, मधलं बटण पुन्हा दोऱ्यावर लोंबत होतं. लावून टाकत नाही का, मी विचारलं. “ते लावलं, की मग काय राहिलं?” त्या म्हणाल्या आणि मीराच्या लहानपणच्या पेन्सिलींच्या डब्यातली पेन्सिल मागितली. गणपतीच्या प्रसंगात काकांच्या तोंडचं ते वाक्य लिहिताना, बावीस वर्षांच्या सवयीने, माझ्याही नकळत, मी चूक सुधारून टाकली होती. ‘बसलो’ लिहिलं होतं. काकूंनी बाकी कुठे हात लावला नाही. त्या शब्दावर वाकल्या आणि एक काना खोडला.