बगळ्याचं शेवटचं प्रकरण

बाबांच्या दहाव्याला गंगेवर कावळा शिवेना. गोदावरीला आम्ही नाशिकचे लोक गंगाच म्हणतो. भावाने पिंड ठेवून अर्धा तास झाला होता. कावळे होते की ढीगभर, पण सगळ्यांचा डोळा पलीकडच्या भेळेच्या गाडीवर. गेलेल्या माणसाचं काही राहून गेलं असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात, मग घरच्यांनी मोठ्याने शब्द द्यायचा. भाऊ म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म. आत्याने तर कहरच केला. "दादा, तुझ्या नातीचं लग्न थाटात लावू!" नात म्हणजे माझी मुलगी, नऊ वर्षांची. ती तिथेच उभी राहून आपली चप्पल शोधत होती.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांचं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. पण चारचौघांत सांगितलं असतं तर लोक हसले असते. आणि खरं सांगू? मला काहीच वाटत नव्हतं. दहा दिवसांत डोळ्यांतून टिपूस नाही. गार भात गिळावा तसे दिवस चालले होते. मी मुलीची चप्पल शोधायला वाकले. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, "चालतं हो, शास्त्रात आहे," म्हणाले, आणि आम्ही गंगापूर रोडला घरी आलो.

राहिलं होतं ते एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण.

बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. पहिली पाळी करून दुपारी क्वार्टरवर आले की मला शेजारी बसवून मुलांची एक जुनी इंग्रजी कादंबरी वाचायचे, वाचता वाचताच मराठी करायचे. एक मुलगी हरवलेल्या भावाला आणायला नदीपलीकडच्या मुलखात जाते. तिथला नावाडी भाडं म्हणून एक आठवण मागतो. दिली की ती गेली, कायमची. मुलीच्या सोबतीला एक लंगडा, भित्रा बगळा. दर खेपेला तिचंही भाडं तोच भरतो. बाबांचा बगळा चांदवडकडचा, त्यांच्याच गावचं बोलायचा. "पोरी, लय खोल हाय गं पाणी, मला नाय जमायचं," म्हणायचा आणि पहिला पाय तोच टाकायचा.

शेवटी तिघंही परत येतात, बगळा दारच्या बाभळीवर घरटं करतो आणि सगळे बाजरीची भाकरी खातात. इंग्रजी पुस्तकात बाजरीची भाकरी! पण मला कधी शंका आली नाही. ऐकून पाठ झालेलं पुस्तक उघडून कोण बघतं? पुढे माझ्या मुलीलाही त्यांनी तेच सांगितलं.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांनी ते पुस्तक घरून मागवलं. मला म्हणाले, "शेवटचं प्रकरण वाच. जसं लिहिलंय तसं वाच." मी चार दिवसांची जागी, त्यात ऑफिसचे मेसेज. म्हटलं, "अहो बाबा, तुम्हाला पाठ आहे की सगळं. उद्या वाचते." "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

गंगेवर बोलता आलं नाही, निदान राहिलेलं वाचून तरी टाकावं, म्हणून त्या दुपारी मी मुलीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि पुस्तक उघडलं. भाऊ सापडतो. परतीच्या नावेत बसायची वेळ येते. नावाडी भाडं मागतो, आणि बगळ्याजवळ एकच आठवण उरलेली असते, या मुलीची. ती तो देत नाही. तो काठावरच राहतो.

मी पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आले. बाभूळ नाही, भाकरी नाही. इतकी वर्षं गंडवलं की हो मला!

"आजोबा खोटं सांगायचे?" मुलीने विचारलं.

"हो."

"मग खरं काय आहे ते वाच ना."

खरं असं होतं की नाव हलतच नाही. मुलगी बगळ्याचा पंख सोडत नाही. तिने आपल्या तोंडाने निरोप दिल्याशिवाय नाव सुटणार नाही, असं नावाडी सांगतो. बाबांना हे पाठ होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी मेली उद्या म्हणाले.

बगळ्याचं बोलणं वाचताना ते आपोआप चांदवडचं झालं. "म्हण गं पोरी एकदा. मला काय नाय व्हत." त्यावर पुस्तकातली मुलगी एवढंच म्हणते, "तू थांब, मी जाते." ते माझ्याच्याने वाचवेना. अक्षरं दिसेनात. माझी मुलगी वाट बघत बसली होती.

"तुम्ही थांबा, बाबा," मी वाचलं. "मी जाते."

मुलीने चूक काढली नाही.