कोपऱ्यातलं नाव

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको कापड ताणत होतो. लाकडी चौकट ओट्यावर आडवी टाकलेली, तिच्यावर तिनं रंगवलेलं कापड. मी ओढायचं, तिनं बारके खिळे ठोकायचे.

"ओढा की. जोर गेला का?"

"फाटंल."

"फाटत न्हाई. मांजरपाट हाय, तुमची बंडी न्हाई."

मी ओढलं, तिनं ठोकलं. खालच्या उजव्या कोपऱ्यावर तिनं जुनं फडकं टाचलं होतं. मी ते उचलायला गेलो तर तिनं हातोडी माझ्या बोटाजवळ आणली. "ते नगरच्या प्रदर्शनात बघायचं. सगळ्यांसंग." शेवटचा खिळा ठोकला आणि ती भिंतीला टेकली. म्हणाली, छातीत भरल्यासारखं झालंय, पाणी द्या. माठ आत आहे, दहा पावलांवर. मी तांब्या भरून आलो तर तिचे डोळे उघडे होते आणि ती नव्हती. मी तरी म्हणालो, घे पाणी. दोनदा म्हणालो.

अजून मला ते खरं वाटत नाही. लिहितोय, कारण एक गोष्ट माझ्या हातनं झाली आणि ती कुणाला तरी सांगायला पाहिजे.

मी चौथी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला. दसरा झाला की गावातली निम्मी माणसं ऊस तोडायला जायची, त्यात आम्ही. संगमनेरकडं बरीच वर्षं गेलो. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत एकच ओळ: माझं नाव, पुढं कोयता एक. मी तोडायचो, ती मोळी बांधून डोक्यावरनं गाडीत चढवायची. माणसं दोन, कोयता एक, नाव माझं. ह्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. तिला काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

मग तिचे गुडघे गेले आणि आम्ही गावातच राहिलो. घर सारवताना ती भिंतीवर गेरूनं काढायला लागली. उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे आमच्या झोपड्या, बैलं, चुलीपुढं बसलेल्या बाया, मोळी उचलणारी बाई. शाळेच्या गुरुजींनी फोटो काढला आणि तो फिरत फिरत नगरच्या एका बाईपर्यंत गेला. ती बाई आली ती भिंतीपुढं उभीच राहिली. चहा गार झाला तिचा. म्हणाली, "मावशी, तुमच्या हाताला मी काही शिकवणार नाही. चित्रकार म्हणून उभं कसं राहायचं, तेवढं शिकवते."

गावात त्या नगरच्या बाईला कोच म्हणायला लागले. मला कोच माहीत तो कबड्डीचा. मी बायकोला म्हणालो, "आता ह्या वयात मैदानात उतरती का काय?"

ती म्हणाली, "तुमी बसा रेषेबाहेर."

दर बुधवारी फोन यायचा. फोन माझा, म्हणून मीपण ऐकायचो. भिंत सोडून कापडावर काढा. टिकणारे रंग घ्या. फोटो सकाळच्या उन्हात काढा. कुणी फुकट मागितलं तर नाही म्हणा. एकदा बाईनं विचारलं, "मावशी, तुम्ही कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"आमच्या ह्यांची बायको."

"ते झालं. आणखी?"

आणखी काय, म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. बाईनं अभ्यास दिला की 'मी चित्रकार आहे' हे रोज मोठ्यानं म्हणायचं. माणसांपुढं लाज वाटायची, म्हणून ती शेळीपुढं म्हणायची. मी गोठ्याबाहेर उभा राहून ऐकलं. "मी चित्रकार हाय." शेळी कडबा खात होती. मी हसलो तर म्हणाली, "तिला पटलं. तुमचंच राहिलंय."

दोन वर्षांत तिची चित्रं दोन शाळांत लागली, पुण्याच्या एका माणसानं एक नेलं. मग नगरच्या हॉलात प्रदर्शन निघालं आणि त्याचा फॉर्म आला. बाई म्हणाली, "तो मी भरणार नाही. काम तुमचं, फॉर्म तुमचा. काकांची मदत घ्या."

मी भरला. चष्मा लावून, पाटावर बसून. पहिली ओळ 'नाव' होती. मी नाव लिहिलं. गाव लिहिलं, तालुका, मोबाईल. ती शेजारी वाकून बघत होती.

"माझं नाव कुठं लिवलंय ह्यात?"

"हे काय," म्हणालो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं त्या कागदाची झेरॉक्स मागितली. गुरुजींनी काढून दिली. ती तिनं पेटीत ठेवली आणि फॉर्म गेला. पुढं सगळा हिवाळा दुपारी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ती काहीतरी काढत बसायची. मी जवळ गेलो की पान पालथं. मी म्हणायचो, असंल काही बायकांचं. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंच नाही.

ती दुपारी गेली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला अग्नी देऊन आलो. इतक्या लवकर सगळं होतं. घरी आलो तर ओट्यावर नगरची बाई बसली होती. गुरुजींनी कळवलं होतं. तिचे डोळे सुजलेले. पिशवी छातीशी धरलेली.

"काका, मी सकाळपासून तुमच्याशी भांडायला येणार होते," ती म्हणाली.

"कशापायी?"

"आज नको."

"दाखवा काय हाय ते."

तिनं पिशवीतनं प्रदर्शनाचं छापलेलं पत्रक काढलं. त्यावर मोळी उचलणाऱ्या बाईचं चित्र होतं, रंग अगदी तसेच. खाली लिहिलेलं, चित्रकार, आणि त्यापुढं माझं नाव. मला वाटलं, नवरा म्हणून कुठं घातलं असंल. तिचं शोधलं. कुठंच नव्हतं.

"फॉर्मवर स्वतःचं नाव का लिहिलंत, काका?"

मी चोरी केली असती तर कबूल केली असती. रेशनकार्ड, मुकादमाची वही, घरकुलाचा अर्ज, आयुष्यभर जिथं 'नाव' दिसलं तिथं माझ्या हातानं एकच नाव लिहिलंय. हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं. एवढंच. पण एवढंच म्हणून ते लहान होत नाही.

आणि मग मला ते बोट आठवलं. 'हे काय' म्हणून मी ठेवलेलं.

मी उठलो. चौकट तशीच ओट्यावर पडलेली, कुणीतरी भिंतीशी सरकवली होती. कोपऱ्यावरचं फडकं काढलं. खाली गेरूच्या रंगात नाव होतं. माझं. एकसुद्धा अक्षर चुकलेलं नाही. शेवटच्या अक्षराची शेपटी मी वाकडी ओढतो, ती वाकडी शेपटीसुद्धा तिनं तशीच काढली होती.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा कधी तिच्या तोंडातनं आलं नाही. आणि कॅलेंडरच्या पालथ्या पानांवर तिनं त्या झेरॉक्सवरनं तेच शेकडो वेळा गिरवलं होतं, आपलं समजून.

बाई जवळ आली, वाचलं आणि तोंडावर हात धरून खाली बसली. मग म्हणाली, "मागच्या बुधवारी फोनवर म्हणाल्या, 'मॅडम, सही शिकले. नगरला दाखवते.'"

माझा थोरला भाऊ बाजेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "बाईमाणसाला नाव नवऱ्याचंच लागतं. त्यात काय बिघडलं?"

"गप बस, दादा."

मी त्याला असं कधी बोललो नव्हतो.

बाईनं सांगितलं, उद्या दुपारी हॉलात चित्रांखाली पाट्या लागणार, परवा लोक येणार. पाटी बदलायची तर नवा फॉर्म उद्याच द्यावा लागेल. मग हळूच म्हणाली, "कोपरा रंगवून घेता येईल. कुणाला कळणार नाही."

"त्याला हात लावायचा न्हाई. अक्षर तिचं हाय."

ती नगरला परत गेली. भाऊ म्हणाला, "सुतक हाय. तिसऱ्या दिवशी राख सावडायचीय, तवर उंबरा ओलांडू नको. अग्नी तू दिलाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आंघोळ केली. चित्र तिच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलं. पत्रक खिशात घातलं. शेळीला कडबा टाकला. भाऊ उंबऱ्यात उभा होता, त्याच्या अंगावरनंच गेलो. पहिली एसटी आली. पाटी अहिल्यानगरची, कंडक्टर ओरडतोय नगर, नगर.

"बाबा, ते आडवं करा. वाट अडती."

"आडवं न्हाई करायचं. रंग नवा हाय."

"काय हाय?"

"मालकिणीचं चित्र."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि पुढं गेला. मी ते सबंध वाट गुडघ्यांमध्ये उभं धरलं.

हॉलात बाई आधीच आली होती. टेबलामागं एक कारकून बसला होता. लुगडं सोडलं. त्यानं चित्र बघितलं, मग कोपरा, मग मला नाव विचारलं. मी सांगितलं.

"मग बरोबरच आहे की, बाबा. सही तुमचीच आहे."

"कोपऱ्यातलं नाव माझं हाय. चित्र माझं न्हाई. चित्रकार काल वारली."

त्यानं बाईकडं बघितलं. बाईनं मान हलवली. त्यानं ड्रॉवर उघडून कोरा फॉर्म काढला आणि पेन माझ्यापुढं केलं. पहिली ओळ, नाव. मी पहिलं अक्षर काढलं आणि दुसऱ्याशी अडलो. हाक मारायची वेळ आली तरी मी 'अगं' म्हणायचो. तिचं नाव मी उभ्या जन्मात कधी लिहिलं नव्हतं.

बाई वाकली. "मी लिहू का, काका?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुमी एकेक अक्षर सांगा. मी लिवतो."

तिनं सांगितलं. मी लिहिलं. मग ते बरोबर आलंय का, म्हणून तिला बोट ठेवून वाचून दाखवायला लावलं.