शेंडा पाहणारं माणूस

लाकूड कापायच्या मशीनमध्ये नुसतं पेट्रोल ओतून ती चालवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? त्या दिवशी मी माझ्या दिराला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, हे आमच्या घरच्या मांजरालाही ठाऊक होतं. आमच्या ह्यांची चेनसॉ थोडा वेळ भुंकली, तापली आणि कायमची गप्प बसली. पिस्टन जाम. मिस्त्री म्हणाला, नवीनच घ्या.

भाऊजींचा हेतू चांगला होता, ते कबूल. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला लागून एक वाळकी बाभूळ उभी होती. वाऱ्याने कधी पडेल, काही नेम नव्हता. खोलीवर पडली असती तर मोटार गेली असती, आणि मोटार गेली की हरभरा गेला. कापूस वेचायचे दिवस, मजूर शोधून सापडत नव्हता. झाडं तोडणारा तर रोज एकच सांगायचा, वेचणी होऊ द्या बाई. म्हणून भाऊजी यवतमाळहून धावून आले होते. मशीनचा जीव घेऊन झाल्यावर घाम पुसत म्हणाले, "वैनी, आता पुरे करा. शेत ठेक्यानं देऊन टाका न् चला आमच्याकडं. एक झाड पाडता येत नाही, मंग एकट्या कायले राहून राह्यल्या इथं?"

"झाड मी पाडते," मी म्हटलं. "झाड पडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ते हसले आणि हो म्हणाले. मी बोलून तर बसले, पण मशीन मी जन्मात कधी चालवली नव्हती.

माझं माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत, घरात अडकित्त्याहून मोठं हत्यार नाही. लग्न होऊन इकडे राळेगावाकडे शेतात आले, पुढे ह्यांनी चेनसॉ आणली, आणि माझ्या वाट्याला एक काम आलं. शेंडा पाहायचं. कापणाऱ्याला बुंधा दिसतो, शेंडा दिसत नाही, आणि झाड पडायचं असलं की आधी शेंड्यात हलतं. ते पाहायला दुसरं माणूस लागतं. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून पदरात काळ्या मातीची ढेकळं घेऊन मी ह्यांच्या मागे लांब उभी राहायची. शेंडा हलला की ढेकूळ पाठीत. ढेकूळ बसलं की हे मशीन ओढून घेऊन बाजूला व्हायचे. कधी चहा झाला म्हणून मारायची, कधी उगीचच.

"अवं, झाड तं उभंच हाय!"

"हात शिवशिवला," मी म्हणायची.

राग एकाच गोष्टीचा यायचा. हा माणूस चुकूनही मागे वळून पाहायचा नाही. एकदा मी चांगलीच तणतणले, "मागं बायको उभी हाय का घरी गेली, एवढं तरी पाहात जा!" तर म्हणाले, "तू हायेस ना मांगं. मंग मी कायले पाहू?" मला वाटायचं, ह्या माणसाला माझी काडीची किंमत नाही.

गेल्या हिवाळ्यात हे झोपेतच गेले. नजर ठेवायचं काम माझं, आणि नेमका तेव्हाच माझा डोळा लागलेला. हे मी कोणाला बोलले नाही, पण सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच. आता संध्याकाळी मोटार बंद केली की घर इतकं गप्प होतं की मी मुद्दाम भांडी आपटते.

यवतमाळच्या दुकानात भाऊजी सोबत होते, म्हणून दुकानदार सगळं त्यांनाच सांगत होता. "काका, हे मोठी घ्या. बावीस इंची पट्टी, सागवान लोण्यावानी कापते." मी उचलून पाहिली. बाप्पा! भरल्या घागरीसारखी जड. खाली ठेवली. दुसरी सोळा इंची, हलकी. दोरी ओढायला सोपी, हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून मुठीला रबर, साखळीला तेल आपोआप, आणि पट्टी उसळून अंगावर आलीच तर साखळी जागीच थांबवणारा ब्रेक.

"हे सगळं ठीक," मी म्हटलं. "शेंडा हलला तर सांगते का?"

दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्न पुन्हा भाऊजींनाच विचारला. "चालवणार कोण हाय, काका?"

"मी," मी म्हटलं. "काकाच्या हाती नका देऊ. ते नुसत्या पेट्रोलवर चालवतात."

भाऊजी पंख्याकडे पाहू लागले. दुकानदार हसला नाही. म्हणाला, "काकू, शेंड्यासाठी तं मांगं माणूसच लागते."

"माणूस नाही," मी म्हटलं. सहज म्हणणार होते, पण मेला आवाजच फुटला. भाऊजी चहा सांगायला बाहेर गेले.

दुकानदार थोडा वेळ फडक्याने काउंटर पुसत राहिला. मग आतून एक लहानशी मशीन घेऊन आला. "मंग हे पाहा. बॅटरीवाली. पट्टी बारा इंची, दम कमी. लाइन नसली तं चार्जिंगची बोंब. पन बटन सोडलं का एकदम चूप. झाड पडायच्या आधी करकरते ना, ते ऐकू येते."

भाऊजी चहा घेऊन आले आणि माझ्या हातात ते खेळणं पाहून म्हणाले, "वैनी, काहीच्या काही! लोडशेडिंगच्या गावात बॅटरी? सोळा इंची पेट्रोलवालीच घ्या." वापरायच्या हिशोबाने त्यांचं बरोबर होतं. मी बॅटरीवाली घेतली. शेंडा पाहणारं कोणी नाही, तर निदान झाडाचं तरी ऐकू यावं.

भाऊजी त्यांच्या घरी गेले, परतीच्या एसटीत मी एकटीच खोकं मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "मिक्सर घेतला वाटते?"

"हाओ," मी म्हटलं. "वाटण लय असते आमच्याकडं."

"किती माणसं हाय घरी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी आधी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या बाजूने बुंध्याला खाच पाडली; खाच जिकडे, झाड तिकडे. ह्यांचं पाहून पाहून पाठच झालं होतं. मग उलट बाजूने थोडं कापायचं, बटन सोडायचं, कान द्यायचा, वर पाहायचं. फटीत लाकडी पाचर ठोकायची आणि पुन्हा थोडं कापायचं. आणि मग ऐकू आली, अगदी बारीक करकर. मशीन ओढून मी बाजूला पळाले. बाभूळ खोलीला न शिवता धुऱ्यावर आडवी झाली.

"पाडली!" मी ओरडले. चार कावळे उडाले. बाकी कोणी काही म्हणालं नाही.

भाऊजींना फोन केला. शब्दाचा माणूस तो. म्हणाले, "जिंकल्या वैनी. आता नाही म्हणत चला म्हणून." मग विचारलं, "मांगं कोण उभं होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारभर फांद्या तोडल्या. अंग ठणकेल म्हणून संध्याकाळी तेल कोमट करून घेतलं. पण हात दुखत नव्हते, कंबरही नाही. दुखत होती ती मान. दर फांदीला थांबून मी मागे वळून पाहत होते.