पायरीवरच्या चपला

जालन्यात नाल्याकाठच्या एका इमारतीच्या तळघरात आमची अभ्यासिका होती. घनसावंगी, अंबडकडून शिकायला आलेली मुलं तिथं वाचत बसायची. माझे यजमान शिक्षक होते. शाळा सुटली की अभ्यासिका तेच पाहायचे.

एका वर्षी तळघरात घोटाभर पाणी शिरलं आणि ते अस्वस्थ झाले. मग दर पावसाळ्याच्या तोंडाशी ते मुलांकडून पुराची तालीम करून घेऊ लागले. दिवे घालवायचे, भिंतीला बांधलेला दोर धरून सगळ्यांनी वर यायचं. चपला वरच्या पायरीवर काढायची पद्धत होतीच. त्यांनी नियम केला: बाहेर पडताना ज्यानं त्यानं आपली चप्पल उचलायची. ज्याची उरली, तो खाली अडकला.

अडकलेलं माणूस म्हणजे दर वेळी मी. मागच्या कपाटाआड पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. ते चाचपडत यायचे आणि मला हाताला धरून वर न्यायचे.

"सर, काकू झोपल्या का काय?" वरून एखादा ओरडायचा.

"झोपती कशाची! पान संपल्याबिगर उठत न्हाई ती. पुराला म्हणा, थांब जरा."

मुलं खो खो हसायची.

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दुपारी मी अभ्यासिकेतून समोरच्या गिरणीवर दळण आणायला गेले. पायरीवर त्यांच्या चपला जवळ होत्या, त्याच पायात सरकवल्या. जवळपास जायचं तर मी नेहमी तसंच करायची. दळण होईस्तोवर आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. नाला रस्त्यावर चढला, मधून कंबरभर पाणी धावू लागलं.

गिरणीच्या ओट्यावरून मला सगळं दिसत होतं. दोर धरून मुलं एकामागून एक वर आली. बराबर तालमीसारखी. शेवटी हे आले, अनवाणी. पायरीकडे पाहून थबकले. तिथं माझ्या चपला होत्या. स्वतःच्या चपला तिथं नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मी जीव तोडून हाका मारल्या. पावसात त्या पोचल्या नाहीत. ते वळले आणि खाली उतरले.

पाणी उपसल्यावर ते त्या कपाटाआड सापडले.

माझ्या चपला वाहून गेल्या होत्या. घरी निघाले तेव्हा पायातल्या मोठ्या चपला चिखलात सारख्या निसटत होत्या. सोबतचा मुलगा हळूच म्हणाला, "काकू, काढून हातात घ्या. पडताल."

मी काढल्या नाहीत.