शेकाट्यांचे पाय

रोज सकाळी मेंढरं पाण्यावर सोडण्याआधी येडू धनगर होटगीच्या तळ्याकाठी काठीवर हनुवटी टेकून उभा राही आणि शेकाट्यांचे पाय बघे. तांबड्या काटकुळ्या पायांची ती काळीपांढरी पाखरं जिथं भराभर चालत, तिथं तळाला मुरूम. जिथं पाय उपसून उपसून टाकत, तिथं गाळ. हे त्याला बापानं शिकवलं होतं. त्या भरवशावर चाळीस वर्षांत त्याचं एक मेंढरू रुतलं नव्हतं.

"पाखरासंगंच लगीन लावायचं हुतं की," त्याची बायको बाळाबाई म्हणे. "माज्याकडं कदी इतकं बगितलं न्हाय."

"तुजं पाय लुगड्यात. दिसत्यात कुटं?"

एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात तळं आटत चाललं. त्याच्या आधीच येडूच्या डोळ्यांवर धुरकट पडदा आला होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मुलगा सिदू सोलापुरात भवानी पेठेत राहून गिरणीत जाई. मेंढरं विकून इकडं या, हे त्याचं टुमणं सारखं चालू होतं. डोळ्यांचं कळलं असतं तर कळप गेलाच असता. पाखरांची चाल आता येडूला दिसत नव्हती, नुसता तांबडा रंग दिसे. तांबडं जास्त दिसलं की पाणी उथळ, एवढ्यावर तो भागवू लागला.

पौषातल्या एका सकाळी रोजच्या जागेपलीकडं दहा-बारा शेकाट्या उभ्या होत्या. तांबडे पाय पार पोटापर्यंत मोकळे.

"हलनात कशा वं त्या?" बाळाबाईनं विचारलं.

"गारठल्यात. चल."

त्यानं म्होरक्या एडका पुढं घातला. दहा पावलांवर एडका पोटापर्यंत आत गेला. मागची मेंढरं थांबली नाहीत. मेंढरं थांबत नसतात. एकमेकांच्या पाठीवर चढत ती गाळात शिरली. येडू कमरेएवढा आत जाऊन हाताला लागेल ती लोकर ओढत राहिला. बाळाबाईनं घोंगड्याला धरून त्याला मागं खेचलं. ओरडणं कमी कमी होत गेलं. ऊन वर आलं तेव्हा काठावर सात मेंढरं उरली होती. शेकाट्या तशाच उभ्या.

दुपारी कुणा शिकाऱ्याचा माणूस गाळावर फळ्या टाकत त्या गोळा करायला आला. मेलेली पाखरं होती ती, पायांना काड्या बांधून रोवलेली. ती पाहिली की बदकं निर्धास्त उतरतात, म्हणाला.

"जिती पाखरं इतका येळ गप हुबी ऱ्हात्यात व्हय, आजोबा?"

 बाळाबाईनं येडूच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांपुढून हळूच हात फिरवला. पापणी लवली नाही.

"कवापासनं?"

"बेंदराच्या सणापासनं."

सात मेंढरं भावकीत देऊन दोघं भवानी पेठेत आली. जन्मभर कळपापुढं चाललेला माणूस बायकोच्या मागं चालू लागला. साधं गटार ओलांडायचं तरी आधी तिचं पाऊल पडायचं, मग त्याचं. सकाळी मात्र तो उठून दारात काठीवर हनुवटी टेकी. समोर शेजाऱ्याची भिंत होती.

पुढच्या उन्हाळ्यात बाळाबाई एकदा घागर घेऊन नळाकडं निघाली. ऊन व्हायच्या आत चार पावलं येता का, तिनं विचारलं. ती परतली तेव्हा काठी उंबऱ्यात आडवी पडली होती आणि तो भिंतीला टेकून गार झाला होता. ती निघताना तो तिला एवढंच म्हणाला होता,

"तू फुडं हो. मी मागनं येतो."